ट्रंकेतला फोटो आणि घोड्याचे चार पाय : जुन्या छायाचित्रांतली मुंबई

नायगावकर | २ जून

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी केली. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या राहिल्या, पण सामान आवरायला आठ दिवस पुरले नाहीत. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात गिरणीचं हजेरीचं कार्ड, एक पोथी, आजीचे मंगळसूत्राचे तुटलेले मणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो सापडला.

पोस्टकार्डाएवढा फोटो आहे. चौघे जण एका दगडी चौथऱ्याच्या पायरीवर उभे आहेत. डावीकडून दुसरे माझे आजोबा. ते साच्यावर होते, परळच्या गिरणीत. चौघांच्या डोक्यांवर, फोटोच्या वरच्या कडेला, घोड्याचे पाय आणि पोटाचा भाग दिसतो. घोडेस्वार कापला गेलाय. उजवीकडे अर्धी ट्राम, डावीकडे एका मोटारीचं तोंड. मागे कमानींची इमारत आणि दुकानाची अर्धवट पाटी.

घरात कायम सांगितलं गेलं की हा फोटो गेटवेला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याखाली काढलाय. पण आजोबा यात पंचविशीचे दिसतात, तेव्हा वर्ष जुळत नाही. आजोबा जाऊन ३० वर्षं झाली. विचारायला आता फक्त आत्या आहे, ८४ वर्षांची.

फोटोच्या मागे मोडीत दोन ओळी आहेत. इथे कुणाला मोडी येते का? आणि जुने फोटो बघून जागा आणि साल कसं ओळखायचं हेही जाणकारांनी लिहावं. मला या एका फोटोचं उत्तर हवंय, पण त्या निमित्ताने तुमच्या ट्रंकाही उघडा.

टपालवाला | २ जून

नायगावकर, गेटवे नाही. गेटवेसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ ला बसला. त्याआधी तिथे पंचम जॉर्जचा पुतळा होता, तोही उभा, घोड्यावरचा नव्हे. तुमच्या फोटोत ट्राम आहे, वर विजेच्या ताराही आहेत. मुंबईत ट्राम १८७४ ला सुरू झाली ती घोड्यांची, विजेची ट्राम मे १९०७ पासून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणजे तुमची एक बाजू १९०७, दुसरी १९६४.

पाटीचा भाग मोठा करून टाकता का?

नायगावकर | ३ जून

टाकलाय. इंग्रजीत "...व्ही स्टोअर्स" एवढंच वाचता येतं.

टपालवाला | ३ जून

मग संपलं. ते आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. हा काळा घोडा आहे! अस्सल काळा घोडा, ज्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं. सातवा एडवर्ड युवराज असताना १८७५ मध्ये मुंबईला आला होता, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा दिला. १८७९ मध्ये बसवला, १९६५ मध्ये हलवला. हल्ली तिथे जो घोडा दिसतो तो २०१७ चा आहे आणि त्याच्यावर स्वारच नाही.

तुमच्या आजोबांच्या फोटोग्राफरने राजाला कापलं आणि चार मजूर पूर्ण घेतले. मला हा फोटो त्यासाठीच फार आवडला.

मीनल_ठाणे | ३ जून

अंगावर काटा आला वाचून. जुना एडवर्ड राणीच्या बागेत आहे ना? लहानपणी वडील दाखवायचे. तिथे जाऊन चौथऱ्यावरची उठावचित्रं फोटोशी ताडून बघता येतील का?

टपालवाला | ३ जून

हो, तो पुतळा आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागच्या बाजूला आहे. पण फोटोतला चौथरा काळा घोडा चौकातला, त्यामुळे तो तिथे कितपत सापडेल याची आशा ठेवू नका.

फोर्टातला | ४ जून

उत्तम धागा. ओळखायचं कसं असं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

काय दिसतं याइतकंच काय दिसत नाही हेही बघावं लागतं. समुद्रावरून काढलेल्या फोटोत ताजमहाल हॉटेल आहे पण गेटवे नाही, तर फोटो १९०३ च्या डिसेंबरानंतरचा आणि गेटवे उभं राहण्यापूर्वीचा. गेटवेची कोनशिला ३१ मार्च १९११ ला बसली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झालं. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात उतरला तेव्हा तिथे दगडाची कमान नव्हतीच, तात्पुरता मांडव होता. तरी "राजा गेटवेतून आला" अशा ओळीखाली फोटो फिरत असतात.

तसंच कोटाचं. फोर्ट, चर्चगेट, बझारगेट ही नावं आपण रोज घेतो, पण किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात पाडल्या. काळ्या घोड्याजवळच्या रस्त्याचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाचा रस्ता. तट गेला, नाव राहिलं. तट उभा असतानाचे मोजके फोटो आहेत आणि त्यात खंदकापलीकडे नुसतं मोकळं मैदान दिसतं. उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हे सगळं त्या मोकळ्या जागेवर नंतर उभं राहिलं. तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दहा मिनिटं मला दिशाच लागेना. रोज चालतो तो रस्ता आणि ओळखायला एक खूण नाही.

आणखी एक. १८५०-६० च्या फोटोंत रस्ते रिकामे दिसतात आणि लोक म्हणतात, "किती शांत होती मुंबई!" १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला, सगळा मुलूख इथे धावत होता. रस्ते रिकामे नव्हते. तेव्हा काच उघडी ठेवायला इतका वेळ लागायचा की चालणारा माणूस उमटतच नसे. थांबलेला उमटतो, बैलगाडी उमटते, झोपलेला हमाल उमटतो. नीट पाहिलंत तर रस्त्यावर धुरासारखे पट्टे दिसतील. ती माणसं आहेत.

जुई | ४ जून

"ती माणसं आहेत" वाचून पुन्हा जाऊन सगळे फोटो बघितले. खरंच दिसतात.

अभय_के | ५ जून

माझा थोडा वेगळा सूर. हे सगळे फोटो साहेबाने साहेबासाठी काढलेले. टाउन हॉल, क्लब, स्टेशनं. १८६३ मध्ये विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातिजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात माणसं स्टुडिओत उभी करून टिपली आणि मागचं दृश्य दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलं. म्हणजे तो माणूस त्या जागी उभाच नव्हता. आपल्या शहराचा इतिहास अशा फोटोंवरून कसा काय सांगायचा?

फोर्टातला | ५ जून

अभय, जॉन्सनबद्दल बरोबर आहे तुमचं. पण "साहेबाने साहेबासाठी" एवढ्यावर सोडू नका, त्यात आपल्याच माणसांवर अन्याय होतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ला निघाली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते आणि स्वतः उत्तम फोटो काढायचे. १८५५ ला एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणांनी मुंबईत स्वतःचा धंदा थाटला. पॅरिसला दागेरची फोटो काढायची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर सोळा वर्षांत मुंबईत मराठी मुलं प्लेट धुवायला शिकत होती. पुढे १८९६ ला राजा दीनदयाळांनी इथे स्टुडिओ उघडला.

अभय_के | ५ जून

हरिश्चंद्र चिंतामणांबद्दल माहीत नव्हतं, मान्य. तरी माझा मुद्दा गिरणगावाचा आहे. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिली गिरणी काढायला घेतली, तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंत लाखो माणसं त्या भोंग्यावर उठली. त्यांच्या खोल्या आतून कशा होत्या, खानावळीच्या पंगती कशा बसायच्या, पाळी सुटल्यावर रस्ता कसा भरायचा, याचे जुने फोटो किती आहेत? चिमण्या दिसतात, लांबून.

भायखळ्याची_सून | ६ जून

अभयदादा, वस्त्यांच्या आतले जुने फोटो आहेत, पण ते बघवत नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्या साथीत पथकं घरोघर शिरली आणि त्यांचे फोटो निघाले. उजेड आत यावा म्हणून छपराची कौलं उतरवलेली घरं, पिचकाऱ्यांनी औषध मारणारी माणसं, रस्त्यावर काढलेलं सामान. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत "यू एच एच" रंगवायचे.

अशा एका फोटोत दारात एक बाई उभी आहे, पदर तोंडावर धरून. तिच्या मागे चूल, मडक्यांची उतरंड, दोरीवर लुगडं. आपल्या पणज्यांचं मुंबईतलं स्वयंपाकघर मला फक्त इथे दिसलं. बिचारीला कुणी विचारलंही नसेल. तो फोटो मी जपून ठेवलाय, पण कुणाला पुढे पाठवत नाही.

पुढे १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले. फोटोत ते रस्ते रुंद, देखणे दिसतात. त्यांच्याखाली कुणाची घरं होती ते फोटोत नाही.

मोडीवाला_सातारा | ७ जून

नायगावकर, मागची बाजू तिरप्या उजेडात पुन्हा काढून पाठवलीत ते छान केलंत. अक्षर घाईचं आहे, शाई फिकी. पण वाचता येतंय:

"नारळी पुनवेस मुंबई मुक्कामी काढिला. चौघेही खुशाल. काळजी न करणे."

साल घातलेलं नाही. दोन्ही ओळींचा हात एकच आहे.

नायगावकर | ७ जून

काय बोलू. हे वाक्य ८० वर्षं आमच्या माळ्यावर होतं आणि घरात कुणाला वाचता येत नव्हतं.

आजोबा देवरुखजवळचे. मुंबईहून गावी पैसे जायचे, पत्रं कमी. बहुतेक हा फोटोच पत्र म्हणून गेला आणि आजी मुंबईत आली तेव्हा बरोबर घेऊन आली.

सुधीर_मोटार | ८ जून

डाव्या कोपऱ्यातल्या मोटारीकडे कुणी बघितलं नाही का? दिव्यावर काळं झाकण आहे, मधे फक्त आडवी चीर. हे युद्धातल्या ब्लॅकआउटचं. डिसेंबर १९४१ ला जपान युद्धात उतरला आणि मुंबईला विमानहल्ल्याची धास्ती लागली, तेव्हा गाड्यांचे दिवे असे झाकायला लावले. १९४५ नंतर ही झाकणं निघाली. म्हणजे नारळी पौर्णिमा १९४२, ४३, ४४ किंवा ४५ ची.

आमच्या वडिलांचं गॅरेज होतं म्हणून हे लक्षात आलं. त्यांनी अशी दोन झाकणं कितीतरी वर्षं खिळे ठेवायला वापरली.

टपालवाला | ८ जून

सुधीर, जियो! मी तो फोटो वीस वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी पाटीकडेच बघत बसलो.

मीनल_ठाणे | ८ जून

बाकीचे तिघे कोण, हे आत्यांना विचारलंत का?

नायगावकर | १० जून

काल फोटो मोठा छापून आत्याकडे नेला. तिने तिघांपैकी दोघांना लगेच ओळखलं, आमच्याच वाडीतले. शेवटच्यावर बोट ठेवून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हा आईच्या माहेरचा. हा गोदीत गेला."

मी म्हटलं, म्हणजे गिरणी सोडून गोदीत कामाला लागला का? ती म्हणाली, आई एवढंच म्हणायची, गोदीत गेला. आणि नारळी पुनवेला त्याचं नाव काढायची. आत्या तेव्हा तीन-चार वर्षांची, तिला स्वतःला काही आठवत नाही.

भायखळ्याची_सून | १० जून

नायगावकर, "गोदीत गेला" म्हणजे कामाला गेला असं मला वाटत नाही. आमच्या सासूबाई मशीद बंदरच्या. त्यांच्या तोंडी "गोदीत गेला" म्हणजे स्फोटात गेला.

फोर्टातला | १० जून

माझ्याही मनात तेच आलं.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी चारनंतर. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज. पोटात दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस पेटला. पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजात सोन्याच्या विटा होत्या, त्या दूरवर जाऊन पडल्या. आगीशी लढताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. हमाल, खलाशी, आसपासच्या वस्तीतली माणसं किती गेली याचा हिशेब कधीच नीट लागला नाही. युद्ध चालू होतं, बातमीसुद्धा लगेच छापू दिली नाही. रोजंदारीवरच्या माणसाचं नाव कुठल्या यादीत असेलच असं नाही.

तसं असेल तर तुमचा फोटो १९४४ च्या श्रावणाआधीचा. उरल्या दोन पौर्णिमा, १९४२ आणि १९४३.

मोडीवाला_सातारा | ११ जून

पंचांग पाहिलं. १९४२ ची नारळी पौर्णिमा २६ ऑगस्टला, बुधवार. १९४३ ची १५ ऑगस्टला, रविवार. गिरणीतले चौघे एकदम मोकळे आणि घडी मोडलेले कपडे घालून काळ्या घोड्याला, तर मी रविवार धरीन. शिवाय ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस गवालिया टँकवरच्या "चले जाव"नंतरची धरपकड, गोळीबार चालू होते. अशा दिवसांत फोर्टात फोटो काढायला कोण जाईल?

अभय_के | ११ जून

गेलेही असतील. डावीकडच्या दोघांच्या डोक्यावर गांधी टोप्या आहेत, हे विसरू नका. पण मीही १९४३ च म्हणेन.

१५ ऑगस्ट १९४३. त्यांना पुढच्या १५ ऑगस्टांचं काहीच माहीत नव्हतं.

जुई | ११ जून

"चौघेही खुशाल. काळजी न करणे." आणि आठ महिन्यांनी तो स्फोट.

चित्रजतन | १२ जून

मी फोटो आणि कागद दुरुस्तीचं काम करते. घाईघाईने चार गोष्टी सांगते, कारण असे फोटो ओळखल्यावर लोक उत्साहात त्यांचं नुकसान करतात.

लॅमिनेशन नको, कधीच नको. मागे फेव्हिकॉल किंवा चिकटपट्टी लावू नका. पारदर्शक चिकट पानांचे अल्बम असतात त्यातले फोटो आत्ताच काढा. न निघाले तर ओढू नका, तसेच राहू द्या. कडांना जी चांदीसारखी निळसर चमक दिसते ती पुसायची नाही, ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते. स्कॅन निदान ६०० डीपीआयवर करा आणि मागची बाजूसुद्धा करा. या धाग्यात अर्धं उत्तर मागच्या बाजूने दिलंय. ज्या वर्तमानपत्रात फोटो गुंडाळला होता तो कागद फोटोपासून वेगळा ठेवा, पण टाकू नका, त्यावरही तारीख असते.

आणि रंग भरून घेऊ नका. यंत्र ज्या रंगाचा सदरा देईल तो तुमच्या आजोबांचा सदरा नसेल. पुढच्या पिढीला तोच खरा वाटेल.

दादरकर | १३ जून

चित्रजतन ताईंना एक विचारायचंय. आमच्या घरी पणजोबांचा हार घातलेला फोटो आहे, मोठा. चेहरा फोटोतला वाटतो पण कोट आणि टोपी हाताने रंगवल्यासारखी. असं करायचे का?

चित्रजतन | १३ जून

सर्रास करायचे. माणूस गेला की घरात त्याचा एकट्याचा फोटो नसायचा. मग लग्नातला नाहीतर मित्रांबरोबरचा फोटो फोटोवाल्याकडे न्यायचा, तो त्यातलं एक डोकं मोठं करायचा आणि बाकीचं ब्रशने झाकायचा. वर कोट चढवायचा. गावात अर्ध्या भिंतींवर असे फोटो आहेत. नीट पाहिलं तर शेजारच्या माणसाचा कान किंवा खांदा राहून गेलेला सापडतो.

नायगावकर | २९ जून

धागा वर काढतोय. उशीर झाला, गावी गेलो होतो.

आत्याने आजीच्या माहेरचं घर सांगितलं. तिथे आता त्या माणसाचा पुतण्या राहतो, सत्तरीचा. मी ओळख सांगितली, चहा झाला. फोटो पिशवीतून काढायच्या आधीच माझं लक्ष ओटीवरच्या भिंतीकडे गेलं. लाकडी चौकट, सुकलेला हार, काळा कोट घातलेला तरुण. खाली रंगाने लिहिलंय, "चैत्र वद्य", तिथी उडालेली, पुढे "शके १८६६".

म्हणजे १९४४ चा एप्रिल.

मी आमचा फोटो शेजारी धरला. चेहरा तोच. मान तशीच किंचित कललेली, ओठ मिटलेले. चित्रजतन ताई, तुम्ही म्हणालात तसंच. कोट रंगवलेला आहे, आणि घोडा, ट्राम, मोटार सगळं करड्या रंगाखाली गेलंय. पुतण्याला हा फोटो मुंबईतला आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे काका गिरणीत होते, जास्त पैसे मिळतात म्हणून गोदीत बदलीवर जायला लागले आणि परत आले नाहीत. प्रेत मिळालं नाही.

आमच्या फोटोत आजोबा डावीकडून दुसरे आणि तो शेवटचा. मधे जो तिसरा आहे, त्याचा हात याच्या खांद्यावर आहे. भिंतीवरच्या फोटोत ब्रशवाल्याने तो हात झाकायचा प्रयत्न केलाय, पण चार बोटं राहिली आहेत, काळ्या कोटावर. पुतण्याने ती आजवर कोटाची घडी समजली होती.

आमच्या फोटोची प्रत त्यांना दिली. त्यांनी ती हार घातलेल्या फोटोच्या खाली, चौकटीच्या फटीत लावली. मागची मोडी ओळ देवनागरीत लिहून मागितली, तीही दिली.

नारळी पौर्णिमेला आत्याला घेऊन काळ्या घोड्याला जाणार आहे. मुंबईतले कुणी येणार असाल तर सांगा, सकाळी दहाला.

टपालवाला | २९ जून

मी येतो.

भायखळ्याची_सून | २९ जून

मीही. आत्यांसाठी नारळीभात आणीन.